लहान गाडीचें म्हातारपण
(नभोवाणीवरील भाषण)

साठी उलटलेल्या शिक्षकानें खेळण्याएवढ्या मोटारीविषयीं बोलावें, हें आपल्यांपैकीं कांहीं जणांस गंमतीचें वाटेल. माझ्या घरींही तें तसेंच वाटतें. पेन्शन सुरू झाल्यापासून माझ्या टेबलावर वह्यांच्या गठ्ठ्यांऐवजीं रंगांच्या बाटल्या आल्या, आणि "सध्यां कोणत्या इयत्तेंत आहांत?" असा प्रश्न मला अधूनमधून विचारण्यांत येतो. मीं पस्तीस वर्षें मुलांना गणित आणि चित्रकला शिकविली. खऱ्या मोटारींच्या प्रमाणशीर प्रतिकृति करण्याचा छंद ह्या दोन विषयांच्या बरोबर मधोमध बसतो. निम्मा हिशेब आणि निम्मा रंग. परंतु ह्या छंदांतील सर्वांत मोठा धडा मला ह्या दोन विषयांनीं शिकविला नाहीं. तो आमच्या चाळींतील एका टॅक्सीवाल्यानें शिकविला. तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

आम्ही गिरगांवांत राहतों. चाळीच्या तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी चाळ त्यांना तात्या म्हणते. मीही तेंच म्हणतों. त्यांनीं बत्तीस वर्षें मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी चालविली. त्यांची शेवटची गाडी म्हणजे १९९६ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी. वीस वर्षांची मुदत भरली तेव्हां, २०१६ सालीं, ती नियमाप्रमाणें भंगारांत गेली. कांहीं वर्षांनीं तात्यांची थोरली मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तरकाका, बाबांना पंचाहत्तरावें लागतें आहे. त्यांची गाडी लहान करून द्याल का?" मीं मोठ्या उत्साहानें होकार दिला.

ज्या तरुण श्रोत्यांनीं ही गाडी जवळून पाहिली नसेल, त्यांच्यासाठीं थोडासा परिचय. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें इटलींतील फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊं लागल्या. त्यांतील पहिल्या ११०० जातीच्या गाडीला, तिच्या गोलमटोल अंगामुळें, मुंबईकरांनीं 'डुक्कर फियाट' असें नांव ठेविलें होतें. १९६४ पासून अधिक रेखीव बांध्याची ११०० डी ही गाडी येथें निघूं लागली, आणि १९७४ च्या सुमारास तिलाच चितोडच्या राणीवरून पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच बसविलेला गियर, काळें अंग आणि वर पिंवळा टप, अशी तिची मूर्ति तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढें आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मात्र टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवर उरली नाहीं.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. प्रथम प्रमाण. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या आंसांमधील अंतर २३४० मिलिमीटर. माझ्या हातीं आलेल्या धातूच्या लहान सांगाड्यावर तेंच अंतर साडेसत्त्याण्णव मिलिमीटर भरलें. भागाकार केला, उत्तर २४ आलें. म्हणजे ही गाडी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची झाली. हा चोवीसचा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें पुष्कळ काम आहे.

मीं सांगाड्याचा जुना रंग खरवडला, प्रायमरचें अस्तर दिलें, आणि मग बारीक कामास लागलों. बॉनेट उघडलें कीं इंजिन दिसतें. तेथें डिस्ट्रिब्यूटरपासून चार प्लगांना चार तारा आणि कॉइलला पांचवी, अशा पांच तारा बसविल्या. विजेच्या वायरींत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा असतात, त्या ह्या कामीं येतात. पितळी तारेला डाग देऊन टपावरचें कॅरिअर केलें. डाव्या अंगाला बाहेर भाड्याचा लोखंडी मीटर बसविला. शेवटीं काळाभोर रंग, पिंवळाधमक टप आणि वर चकचकीत वार्निश. वाढदिवसाच्या दिवशीं गाडी नेऊन दिली.

तात्यांनीं ती दोन्ही हातांत घेतली, चष्मा वर सारून चारी अंगांनीं पाहिली, आणि म्हणाले, "मास्तर, झकास झाली आहे. पण ही कोणाची गाडी?"

"तुमचीच, तात्या."

"माझी गाडी अशी एकच दिवस होती. आणली त्या दिवशीं."

त्यांच्या बोलण्यांत दुखविण्याचा हेतु नव्हता, तरीही मी खजील झालों. गाडी परत घेऊन घरीं आलों आणि जुनेपणा आणण्याच्या कलेचा अभ्यास सुरू केला. ती कला निराळीच आहे. गंज, ओघळ, धूळ, टवके, विटलेला रंग हें सारें कुंचल्यानें उत्पन्न करतां येतें. नवी युक्ति हातीं लागलेल्या मुलाचें जें होतें, तेंच माझें झालें. दारांवर गंज, मडगार्डावर गंज, टपावर चिखल, एक दिवा फुटका, बंपर लोंबता. चाळींतील मुलें म्हणालीं, "अगदीं खरी वाटते!" मी फुशारून तात्यांकडे गेलों.

ह्या वेळीं त्यांनीं गाडी हातांत घेतलीही नाहीं. बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मी माझी गाडी अशी ठेवीत होतों? रोज पहांटे पांचला उठून दोन बादल्या पाण्यानें धूत होतों. वीस वर्षें. माझ्या गाडीचें दार उघडून कोणाच्या हाताला काळें लागलें नाहीं कधीं."

श्रोतेहो, शाळेंत मीं पुष्कळ मुलांच्या चुका दाखविल्या. परंतु इतक्या थोड्या शब्दांत आणि इतकी पुरती चूक मला कोणी दाखविली नव्हती. पहिल्या खेपेस मीं त्या माणसाचीं वीस वर्षें पुसून टाकलीं होतीं. दुसऱ्या खेपेस त्याची निगा पुसून टाकली. जुनें म्हणजे घाणेरडें, असा सरधोपट हिशेब मीं केला होता. गरिबाची वस्तु जुनी असते, पण ती सांभाळलेली असते. आणि सांभाळल्याच्या खुणा झिजल्याच्या खुणांइतक्याच तिच्या अंगावर असतात. त्या मला रंगवितां आल्या नव्हत्या, कारण मीं त्या विचारल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशीं वही आणि पेन्सिल घेऊन मी तात्यांपुढें विद्यार्थ्यासारखा बसलों. पहिला प्रश्न विचारला, "गाडी कोणत्या सालची करूं?" हा प्रश्न प्रतिकृति करणारानें नेहमीं प्रथम विचारावा. गाडी वीस वर्षें जगली, तरी प्रतिकृति एकाच दिवसाची असते. त्या दिवशीं मीटर कोणता होता, गाडी पेट्रोलवर होती कीं गॅसवर, ऊन होतें कीं पाऊस, हें ठरल्याशिवाय कुंचला उचलूं नये.

तात्या म्हणाले, "२००६ सालची करा. उन्हाळ्यांतली."

"त्याच सालची कां?"

मग त्यांनीं २६ जुलै २००५ ची हकीकत सांगितली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो हा दिवस. तात्या विमानतळावरून एक बाई व तिचें लहान मूल यांना घेऊन निघाले होते. कुर्ल्याजवळ मिठी नदीचें पाणी रस्त्यावर चढलें. इंजिन बंद पडलें. त्यांनीं मुलाला खांद्यावर घेतलें, त्या दोघांना एका इमारतीच्या जिन्यावर पोंचविलें, आणि गाडी तेथेंच सोडली. ज्या कुर्ल्यांत ती घडली, त्याच कुर्ल्यांत ती रात्रभर पाण्याखालीं राहिली. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांचेच्या खालच्या कडेपर्यंत चिखलाची रेघ. लोक म्हणाले, आतां भंगारांत द्या. तात्यांनीं घरांतलें सोनें गहाण ठेविलें आणि महिनाभर गाडी गॅरेजांत ठेवून पुन्हां उभी केली. ती आणखी अकरा वर्षें चालली. त्या अकरा वर्षांत दोन मुलींचीं लग्नें तिनेंच करून दिलीं.

आतां माझ्या ध्यानांत आलें कीं, गाडीवरील प्रत्येक डागाला कारण असतें, आणि कारण ठाऊक असल्यावांचून डाग काढणें म्हणजे उत्तर पाहून गणित लिहिण्यासारखें आहे. आम्हीं दोघांनीं मिळून यादी केली. ती थोडक्यांत सांगतों.

मुंबईंत टॅक्सी डाव्या पदपथाला लागते. म्हणून बहुतेक सारे उतारू मागच्या डाव्या दारानेंच चढतात व उतरतात. त्या दाराच्या मुठीभोंवतीं बोटांनीं व अंगठ्यांनीं रंग झिजला होता, आणि उंबरठ्याचा पत्रा पायांनीं घांसून उघडा पडला होता. तेथें गंज नव्हता. रोज घांसला जाणारा पत्रा चकाकतो. उजव्या पुढच्या दारावर, खिडकीच्या कडेला, तात्यांच्या कोपराची जागा होती. गॅसचें सिलिंडर डिकींत बसविल्यापासून सामान टपावर जाऊं लागलें. त्यामुळें टपाच्या डाव्या कडेला पेट्या ओढल्याचे ओरखडे, आणि कॅरिअरचे पाय टेकत तेथें गंजाचे चार ठिपके. बॉनेटला वरून ऊन व खालून इंजिनाची ऊब. म्हणून तेथील काळा रंग करडा पडला होता, दारांवरचा मात्र बराच टिकला होता. दारांच्या पोकळींत खिडकीच्या फटीतून पाणी उतरतें व तळाच्या भोंकांवाटे बाहेर जातें. पुराच्या चिखलानें तीं भोंकें बुजलीं, आणि दारें आंतून, तळाशीं कुजलीं. तात्यांनीं तेवढा पत्रा कापून नवा जोडून घेतला व त्यावर हातानें काळा रंग लावला. अर्थात् दारांचा तळ बाकीच्या अंगापेक्षां अधिक काळा आणि अधिक चकचकीत होता! जुन्या गाडीचा सर्वांत नवा भाग तोच. माझ्या दुसऱ्या प्रयत्नांत नेमका तेथेंच मीं गंज थापला होता.

शेवटीं मीं विचारलें, "आणि धूळ कोठें असे?" तात्या हंसून म्हणाले, "जेथें फडकें पोंचत नाहीं तेथें."

मीं तोच सांगाडा तिसऱ्यांदां खरवडला. आतां कृति सांगतों. घरीं करून पाहणारांनीं ती आधीं एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर करून पाहावी, खिडकी उघडी ठेवावी, आणि टर्पेंटाइन जवळ असतांना काडी पेटवूं नये.

अस्तरावर, जेथें गंज दाखवावयाचा तेवढ्याच जागीं गंजाचा तपकिरी रंग द्यावा. तो वाळल्यावर वर पातळ वार्निश फिरवावें. मग ती जागा किंचित् ओली करून त्यावर बारीक मिठाचे कण टाकावे व वाळूं द्यावे. ह्यावर गाडीचा मुख्य रंग फवारावा. कुंचला चालत नाहीं, कण हलतात. रंग वाळला कीं ओल्या कुंचल्यानें मीठ घांसून काढावें. मीठ निघतें, त्याबरोबर वरचा रंग सुटतो आणि खालचा गंज अनियमित कडांनीं दिसूं लागतो. मुंबईची खारी हवा खऱ्या गाडीचें जें करते, तेंच मिठाचा खडा लहान गाडीचें करतो. फक्त येथें चोवीसचा आंकडा विसरूं नये. एक मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ एक इंचाचा डाग. म्हणून मीठ वाटून, चाळून घ्यावें.

काळा रंग शुद्ध काळा घेऊं नये. त्यांत थोडा करडा मिसळावा. लहान वस्तूवर शुद्ध काळा फार जड दिसतो आणि त्यांत आकाराच्या रेषा बुडून जातात. हा रंग पाण्यांत मिसळणारा ॲक्रिलिक असावा. वाळल्यावर वार्निशाचा एक हात द्यावा. मग पुढचें सारें काम तैलरंगांनीं करावें. टर्पेंटाइन वाळलेल्या ॲक्रिलिकला सहसा विरघळवीत नाहीं, म्हणून चुकलें तर पुसतां येतें. शाळेंतल्या पाटीसारखी ही सोय आहे.

तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्यें चहासारखा पातळ करून कुंचल्याचें टोंक दाराच्या फटीला नुसतें टेकवावें. केशाकर्षणानें रंग आपोआप फटीभर धांवतो. बाहेर सांडलेला भाग कापसाच्या बोळ्यानें पुसून घ्यावा. बॉनेट विटका दिसण्यासाठीं पांढऱ्या, करड्या व पिंवळसर तैलरंगाचे टांचणीच्या टोंकाएवढे ठिपके त्यावर द्यावे, आणि टर्पेंटाइननें जेमतेम ओल्या कुंचल्यानें ते हलकेच पसरावे. ठिपके नाहींसे झाले पाहिजेत, त्यांचा परिणाम मात्र उरला पाहिजे. गंजाचा ओघळ नेहमीं सरळ खालीं ओढावा, कारण तो पावसानें केलेला असतो. दारांच्या तळाच्या ठिगळांना मात्र शेवटीं कुंचल्यानें चकचकीत काळा रंग द्यावा. तात्यांनीं तसाच दिला होता.

किती करावें, ह्यालाही हिशेब आहे. आपण प्रतिकृति एका फुटावरून पाहतों. चोविसाव्या हिश्श्याच्या गाडीला एक फूट म्हणजे खऱ्या गाडीला चोवीस फूट. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या टॅक्सीवर आपणांस काय दिसतें? विटलेलें बॉनेट दिसतें, ठिगळ दिसतें. कुलुपाभोंवतीं किल्लीचा ओरखडा दिसत नाहीं. जें चोवीस फुटांवरून दिसत नाहीं, तें प्रतिकृतीवर ठळक दिसतां कामा नये. ह्या एका नियमानें माझा निम्मा गंज वांचला.

राहिली धूळ. त्यासाठीं मला बाजारांत जावें लागलें नाहीं. पस्तीस वर्षें जो खडू माझ्या कपड्यांवर पडला, तोच कांचकागदावर घांसून, त्यांत थोडी तपकिरी पूड मिसळून, मऊ कुंचल्यानें लाविला. खडूच्या पुडीवर वार्निश देऊं नये. ओली झाली कीं फिकी पूड जवळजवळ अदृश्य होते. ती तशीच कोरडी ठेवावी, आणि गाडीला हात लावूं देऊं नये. पुढच्या कांचेवर वायपरांच्या दोन कमानी स्वच्छ ठेवून बाकी कोपऱ्यांत किंचित् धूळ दिली. चाकांच्या आंत, बंपरच्या मागें, रबराच्या खांचेंत दिली. आणि २००६ चा उन्हाळा म्हणून बॉनेटवरही एक पातळ हात दिला. डाव्या मागच्या दाराच्या आंतल्या बाजूस, कांचेच्या खालीं, पुराच्या पाण्याची एक पुसट तपकिरी रेघ काढली. गॅरेजवाल्यानें ती पुसली असेलही. पण मला ती सोडवेना.

संध्याकाळीं गाडी तात्यांकडे नेली. त्यांनीं ती उचलली. प्रथम डावें मागचें दार पाहिलें. मग तें उघडून आंतली रेघ पाहिली, आणि बोट तेथेंच ठेवून बराच वेळ गप्प बसले. त्यांची मुलगी दारांत उभी होती. तिनें मान फिरविली. मग तात्यांनीं दाराचा तळ पाहिला व म्हणाले, "हें ठिगळ मींच मारलें होतें."

आणि त्यानंतर त्यांनीं जें केलें, त्यासाठीं मी तयार नव्हतों. खांद्यावरचा पंचा त्यांनीं बोटाला गुंडाळला आणि सवयीनें, अगदीं सहज, बॉनेट पुसून काढलें. माझी खडूची धूळ एका हातासरशीं गेली. "अहो तात्या!" असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मीं पाहिलें, तों बॉनेटवरची धूळ गेली होती आणि वायपरच्या मुळाशीं, रबराच्या खांचेंत, तेवढी राहिली होती. जेथें फडकें पोंचत नाहीं तेथें.

ती धूळ मीं पुन्हां लाविली नाहीं. गाडी तात्यांच्या खिडकींत आहे, आणि रोज सकाळीं ते ती पुसतात.